कल्हईची काडतुसं

"पितळी घेऊ का कल्हईची?" कारंजा गावातल्या दुकानात आयुष्य गेलं, आणि सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न हाच. रिव्हॉल्वरचं काडतूस दोन तऱ्हेचं यायचं. एकाची पुंगळी साध्या पितळेची, पिवळी. दुसऱ्याची पुंगळीही पितळेचीच, पण तिच्यावर निकेलचा पांढरा मुलामा. आमच्या भागात निकेल हा शब्द कोणी वापरत नसे. भांड्यांना करतात ती कल्हई सगळ्यांना ठाऊक, म्हणून तीही कल्हईचीच.

या अंकाच्या संपादकांनी दुकानातल्या गमतीजमती लिहून पाठवा असं कळवलं होतं. गमती पुष्कळ आहेत. पण श्रावणात किन्हीराज्याहून निरोप आला की नारायण हवालदार गेले, आणि त्यानंतर कागद पुढे घेतला की त्यांच्याखेरीज दुसरं काही सुचत नाही. तेव्हा एखाददुसरी गंमत सांगून मी त्यांच्याचकडे येणार आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दुकान तय्यबभाईंचं. ते बोहरी. पुढच्या बाजूला खिळे, बिजागऱ्या, पोहऱ्याच्या साखळ्या, विळे. मागे एक जाड काचेचं कपाट, त्यात बंदुका आणि काडतुसं. सरकारी परवान्यावर चालणारा तो एवढाच कोपरा. मी मॅट्रिक झालो होतो, शाळामास्तर व्हायचं मनात होतं. ते जमलं नाही. तय्यबभाईंना इंग्रजी खोकी आणि परिपत्रकं वाचणारा माणूस हवा होता. मी गल्ल्याच्या मागे बसून रिकाम्या वेळी पुस्तक वाचायचो, म्हणून गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणू लागली. कधीही कोणाला न शिकवता मी जन्मभर मास्तर राहिलो.

धंद्याची एवढी गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. काडतुसाच्या पुंगळीत दारू असते, तोंडाशी गोळी आणि बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी. घोडा टोपीवर पडतो, दारू पेटते, गोळी जाते. रिव्हॉल्वरच्या फिरत्या चाकाला काडतुसांसाठी भोकं असतात, पुंगळी मागे त्या भोकातच राहते. गोळी कुठे जाणार हे नळी, हात आणि डोळा ठरवतात. पुंगळी पिवळी की पांढरी याच्याशी गोळीचा काही संबंध नसतो.

मग फरक कशात? कातड्यात. चामड्याच्या पट्ट्याला काडतुसं अडकवायची घरं असतात. त्या कातड्यात पितळ राहिलं की ते कळकतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की जे हिरवं येतं तेच. हिरवी खरबरीत पूड पुंगळीवर चढते, मग ती चाकाच्या भोकात पुरती बसत नाही, बसली तर निघत नाही. निकेलवर हा कळक येत नाही. शिवाय ते गुळगुळीत, भोकात अलगद सरकतं. पण पितळी स्वस्त, आणि काळजी घेणाऱ्याच्या हाती ती तितकीच चांगली. म्हणून माझं उत्तर ठरलेलं असे. डब्यात ठेवणार असाल तर पितळी घ्या, पट्ट्यात ठेवून विसरणार असाल तर कल्हईची.

हे सरळ उत्तर फार थोड्यांना पटायचं. मानोऱ्याकडचे एक पाटील होते. दसऱ्यानंतर एकदा ते दुकानात आले आणि खिशातली सगळी काडतुसं त्यांनी माझ्यासमोर ओतली.

"मास्तर, तुमच्या काडतुसाईनं मौन धरलं."

"किती उडाली नाहीत?"

"एकबी नाई उडालं. डुक्कर माही तूर खाऊन राह्यलं होतं, आन् माह्या हातातलं रिव्हॉल्वर घड्याळावानी टिकटिक करून राह्यलं होतं. त्यानं मांगं वळूनबी पाह्यलं नाई."

मी एक काडतूस उचललं. देवघरातल्या समईसारखं लखलखत होतं. बुडाच्या टोपीभोवती मात्र बारीक काळी रेघ दिसत होती.

"पाटील, हे इतकं चकचकीत कसं झालं?"

"सूनबाईनं घासले ना. दसऱ्याच्या पूजेले घरातलं सारं पितळ घासते ते. चिंच लावून, राख लावून, मंग पाण्यात भिजू घालते."

"काडतुसं पाण्यात भिजत घातली?"

"मंग? कळशी नाई का घालत?"

गादीवरून तय्यबभाई शांतपणे म्हणाले, "पाटील, कळशी में बारूद नहीं रहती."

पाटलांनी एक काडतूस उचलून निरखलं. "हे तिले कोणी सांगतलंच नाई," ते म्हणाले, आणि नवीन डबा घेऊन गेले. तेव्हापासून दसऱ्याच्या आधी येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावू लागलो, की काडतुसं पाटावर मांडा, हळदकुंकू लांबूनच वाहा, पण चिंच लावू नका. ज्यांच्या घरी आवरणं शक्य नाही त्यांना कल्हईची घ्यायला सांगायचो, कारण पांढरं काही कोणी चिंचेनं घासत नाही. पण त्यालाही हरकत निघे. भाऊसाहेब देशमुखांच्या म्हाताऱ्या आईनं तर निरोपच पाठवला होता, की सोनं लुटायच्या दिवशी पाटावर पांढरं मांडायची रीत आमच्यात नाही.

या भाऊसाहेबांचा जिन होता, सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. हंगामात त्यांचा मुनीम खेडा खरेदीला जायचा, म्हणजे गावोगाव फिरून रोख पैसे मोजून जागेवरच कापूस घ्यायचा. दमणीत, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाडीत, पैशाची पिशवी, पिशवीजवळ मुनीम, आणि मुनीमाच्या शेजारी रिव्हॉल्वर लावलेला राखणदार. नारायण हवालदार हा तो राखणदार.

पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात होते. उंच, वाळलेले, गालांवर चढलेल्या मिशा. बोलणं कमी. ते माझे सगळ्यात आवडते गिऱ्हाईक होते, कारण मी सांगायचो ते सगळं ते आधीच करत असायचे. संध्याकाळी जिनात परतले की पट्ट्यातली काडतुसं काढायची, कोरड्या फडक्यानं एकेक पुसायची, हिरवा ठिपका दिसला तर ते बाजूला ठेवायचं, बाकीची डब्यात. सकाळी पुन्हा पट्ट्यात. असा माणूस पितळीच घेणार, आणि ते दरसाल पितळीच घ्यायचे. "वाळवंटात रेतीतून काढून पुसलीत," ते म्हणायचे, "इथं काय हाये."

एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर ते आले. मी सवयीनं पितळीचा डबा पुढे केला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"औंदा कल्हईची द्या, मास्तर."

"का हो हवालदार? तुम्ही तर कल्हईच्या नावानं हसायचे."

"आता नाई हसत. द्या."

मी डबा फोडला. त्यांनी रिव्हॉल्वरचं चाक उघडून एक पांढरं काडतूस आत सरकवलं, आणि चाक उजेडाकडे धरून डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. मग पितळी एक मागितलं, तेही तसंच घालून पाहिलं. पुन्हा पांढरं.

"हे दिसते," ते हळूच म्हणाले. "भोक भरलं का रिकामं, ते समजते."

तेव्हा मला कळलं. पितळ आणि चाकाच्या आतला काळोख त्यांना आता वेगळे दिसत नव्हते. फडक्यानं पुसताना हिरवा ठिपकाही दिसत नसणार. दुकानात आणखी कोणी नव्हतं. तय्यबभाई नमाजाला गेले होते.

"डोळे कोणाला दाखवले का?"

"अकोल्याले जाऊन आलो. काचबिंदू म्हणे. मोतीबिंदू असता तं काढला असता, हा निघत नाई म्हणे. गेलं ते गेलं, राह्यलं ते जपा."

"आणि भाऊसाहेबांना?"

त्यांनी चाक बंद केलं. "जिनातली खोली नोकरीची हाये, मास्तर. नोकरी गेली का खोली गेली. गोदीले नवऱ्यानं टाकलं, ते माह्यापाशी हाये. किन्हीराज्याच्या घरात आता भाऊ नांदते. त्याच्या वसरीवर जाऊन बसायचं का मी पोरगी घेऊन? एवढा हंगाम निघू द्या. गोदीची काईतरी सोय लावतो, मंग माहा मीच सांगतो."

"पण रस्त्यात काही झालं तर? मुनीम बरोबर असतात."

"मुनीम बाजूलेच राह्यते," ते म्हणाले. मला वाटलं त्यांना माझा प्रश्न समजला नाही.

तय्यबभाई आल्यावर हवालदारांनी कल्हईची घेतली एवढंच मी सांगितलं. ते बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले.  माणसाच्या मालाची निवड बदलली की धंदेवाल्याला अर्धं कळतं.

भाऊसाहेबांच्या जिनात दसऱ्याची एक रीत होती, त्यांच्या वडिलांनी घातलेली. तिसऱ्या प्रहरी शस्त्रांची, तराजूची आणि इंजिनाची पूजा व्हायची. मग कुंपणाजवळच्या कडुलिंबाला एक कुंकू लावलेला कोहळा टांगायचे आणि राखणदारानं तो गोळीनं पाडायचा. कोहळा पडला की इंजिनवाला भोंगा वाजवायचा, आणि खरेदीचा हंगाम सुरू झाला असं समजायचे. त्यानंतर सगळे आपट्याची पानं घ्यायला निघायचे. काडतुसं आमची, म्हणून पानसुपारीला तय्यबभाईंना आणि मला बोलावणं असायचं. दरसाल हवालदारांच्या पहिल्याच बाराला कोहळा खाली येत असे.

त्या वर्षी पाटावर पांढरी काडतुसं पाहून भाऊसाहेबांनी भुवया उंचावल्या, पण सणाच्या दिवशी ते काही बोलले नाहीत. पांढऱ्याला हरकत घेणाऱ्या त्यांच्या आई नुकत्याच वारल्या होत्या. भाऊसाहेबांनी कडुलिंबाकडे बोट दाखवलं. हवालदार पुढे झाले, हात ताठ केला आणि बार काढला. कोहळा हलला नाही. भोंग्याच्या साखळीला हात घालून इंजिनवाला वाट पाहत होता. दुसरा बार झाला. कुंपणाच्या विटेचा टवका उडाला.

मजुरांतून कोणीतरी म्हणालं, "बाप्पा, कोहळ्याची भाजीच करा आता," आणि दोघंतिघं हसले.

तिसऱ्या बाराला पानं गळाली. इंजिनवाल्यानं साखळी सोडली. आता कोणी हसत नव्हतं. हंगामाचा शकुन बिघडला होता, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं पोट त्या हंगामावर होतं.

भाऊसाहेब आमच्याकडे वळले. "तय्यबभाई, हा काय माल दिला तुमी?"

"हुजूर, माल वही है."

"वही कसा? दरसाल एका बारात कोहळा खाली येते. माणूस तोच, हात तोच, झाड तेच. औंदा बदललं काय? काडतूस पांढरं झालं."

"गोली वही है, साब. सिर्फ ऊपर मुलम्मा है."

"मुलामा म्हणजे खोटं. खोटा माल माह्या माणसाच्या हातात दिला. याच्या भरवशावर मी मुनीमाले रस्त्यानं पाठवतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "उद्या अकोल्याले जातो. साहेबाच्या कानावर घालतो. तुमचा परवाना पुन्हा कसा होते ते पाह्यतो."

ही पोकळ धमकी नव्हती. काडतुसांचा परवाना दरसाल नवा करून घ्यावा लागे आणि साहेबांच्या कचेरीत भाऊसाहेबांचा शब्द चाले. त्या कपाटाशिवाय उरलेल्या खिळेबिजागऱ्यांवर तय्यबभाईंचं एवढं मोठं कुटुंब चाललं नसतं, माझं तर नाहीच. तय्यबभाईंच्या हातातलं पान तसंच राहिलं होतं. मुलाम्यानं नेम बदलत नाही हे मी सांगायला लागलो, तर भाऊसाहेबांनी हातानं मला थांबवलं. आणि मीही थांबलो, कारण त्याच्या पुढचं वाक्य काय असणार हे मला दिसत होतं. काडतूस चुकलं नसेल तर माणूस चुकला.

तेव्हा हवालदार बोलले. "भाऊसाहेब, काडतूस चांगलं हाये."

"तुमी मधात बोलू नका, हवालदार. तुमचीच लाज झाकून राह्यलो मी."

"झाकू नका. मले कोहळा दिसत नाई."

कोणाला नीट कळलं नाही. भाऊसाहेब म्हणाले, "कोणता कोहळा?"

"हाच, टांगलेला. पाटावरचे काडतुसं दिसतात, जवळ हायेत म्हणून. तिकडचं झाडबी दिसत नाई. तुमी बोट दाखवलं तिकडं बार काढले. माल चांगला हाये. डोळे गेले माहे."

त्यांनी चाक उघडलं, उरलेली काडतुसं तळहातावर घेतली आणि वाकून, चाचपत, पाटाच्या कडेला ठेवली. एक काडतूस कलंडलं. केशवराव मुनीमानं ते पुढे होऊन उभं केलं. हवालदारांची मुलगी गोदा बायकांच्या घोळक्यात होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती खोलीकडे निघून गेली. शेवटी भाऊसाहेबांच्या पुतण्यानं तलवारीनं कोहळा कापला. भोंगा वाजला, पण आपटा लुटायला जाताना कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

भाऊसाहेब वाईट नव्हते. दिवाळीपर्यंत खोलीत राहा म्हणाले, गोदाला लुगडंचोळी दिली. अकोल्याला ते गेले नाहीत. दिवाळीनंतर हवालदार बैलगाडीनं किन्हीराज्याला गेले. गाडी दुकानावरून गेली तेव्हा तय्यबभाई पायात चपला न घालता रस्त्यावर उतरले आणि त्यांनी हवालदारांचा हात हातात घेतला. 

थोड्या दिवसांनी केशवराव मुनीम दुकानात आले. सडसडीत, नेहमी खोकणारे, पानतंबाखूचे शौकीन. बरोबर नवा राखणदार होता, शंकर नावाचा तरणा गडी. नेम चांगला म्हणून भाऊसाहेबांनी निवडलेला. तो काडतुसं पाहत असताना मुनीम माझ्याजवळ सरकले.

"मास्तर, तुमाले म्हणून सांगतो. मले मांगच्या हंगामापासून ठावं होतं."

"काय?"

"नाराणरावाचे डोळे. दमणीत मी हळूच सांगत जाओ, 'हवालदार, डाव्या अंगाले चार माणसं उभे हायेत.' तो तिकडं मान वळवे आन् मिशीवर हात फिरवे. लोकाईले वाटे, हवालदारानं हेरलं आपल्याले. रस्ता सोडून देत."

"आणि तुम्हाला भीती वाटली नाही?"

"त्याच्या मिशीले भेत होते लोक. डोळे कोण पाह्यते एवढ्या दुरून?" ते खोकत हसले, मग हसू थांबलं. "चांगली जोडी होती आमची. तो बोलला नसता तं चालली असती आणखीन."

शंकरला मी कल्हईचा डबा दाखवला. तो म्हणाला, "नाई. भाऊसाहेबाचा हुकूम हाये, पितळीच आणजो. पांढऱ्याचं नाव काढू नोको म्हणे."

"पण त्या दिवशी हवालदारांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की काडतुसात काही खोट नव्हती."

"ते सांगतलं असंन. पण कोहळा पांढऱ्यानंच चुकला ना?"

मी मुनीमांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. मालकाच्या मनात बसलेलं काढणं त्यांच्या हातात नव्हतं. मग मी शंकरला बजावलं, पितळी घेतोस तर रोज संध्याकाळी पट्ट्यातून काढून पूस आणि डब्यात ठेव. तो हसला.

"रोज पुसत बसलो तं जेवू कवा, मास्तर?"

मुनीम म्हणाले, "मी देईन ध्यान," आणि ते दोघं गेले. मुनीमांना पैशाची पिशवी सांभाळायची ठाऊक होती, पट्ट्यात काय चाललं आहे हे त्यांना कुठून कळणार.

संक्रांत होऊन गेली होती. मानोऱ्याच्या वाटेवर एका नाल्याच्या उतारात दमणी अडवली गेली. भरदिवसा. जे नंतर ऐकलं ते असं, की शंकरनं एक बार काढला. माणसं दबकली. मग त्यानं पुन्हा चाप ओढला आणि चाप हलेना. तो ओढत राहिला. ते पाहून माणसं पुढे आली. शंकरनं उडी टाकली आणि ज्वारीत शिरला. केशवरावांनी पिशवी सोडली नाही. त्यांना कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं मारलं. कारंज्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा ते बोलत नव्हते, आणि तसेच गेले.

पोलिसांचा जमादार ते रिव्हॉल्वर आणि काडतुसांचा पट्टा दुकानात घेऊन आला. का अडलं ते त्याला हवं होतं. चाक उघडायलाच मला वेळ लागला. आतल्या एका काडतुसाचा काठ भोकाच्या बाहेर राहिला होता, जेमतेम नखाच्या जाडीएवढा. तो मागच्या लोखंडाला घासून अडकला होता, म्हणून चाक फिरलं नाही आणि चाप ओढला गेला नाही. मी पुढच्या बाजूनं लाकडी काडी लावून हळूहळू ते काडतूस मागे सरकवलं. ते बाहेर आलं तेव्हा त्याच्या अंगावर हिरवी पूड चढली होती. पट्ट्यातली बाकीचीही तशीच, काही तर कातड्याला चिकटलेली. माझी बोटं हिरवी झाली.

"मालात खोट आहे का?" जमादारानं विचारलं.

"नाही. कळकलं आहे. पट्ट्यात राहून."

"कल्हईचं असतं तर?"

"तर अडलं नसतं."

तय्यबभाई गादीवर बसून हे ऐकत होते. जमादार गेल्यावर त्यांनी दुकानाच्या फळ्या लावायला सांगितल्या आणि आम्ही दोघं केशवरावांच्या घराकडे गेलो. तिथे गर्दी होती. आम्ही लांब, चिंचेखाली उभे राहिलो.

हवालदारांना भेटायला मी त्यानंतर काही दिवसांनी किन्हीराज्याला गेलो. जाताना मनाशी एक गोष्ट ठरवली होती. दसऱ्याच्या दिवशी ते बोलले म्हणून दुकान टिकलं, माझ्या घरची चूल टिकली, हे त्यांना कोणी तोंडानं सांगितलं नव्हतं. ते सांगायचं.

ते भावाच्या वसरीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. मिशा खाली उतरल्या होत्या. माझ्या पावलांच्या आवाजानं त्यांनी मान वर केली, पण पाहिलं माझ्या बाजूच्या खांबाकडे.

"कोण हाये?"

"मी, हवालदार. कारंज्याचा मास्तर."

"बसा, बसा. गोदे, मास्तराले पाणी आण वं." दोर त्यांच्या हातात पुन्हा चालू झाला. "तय्यबभाई बरे हायेत?"

"बरे आहेत. तुम्हाला सलाम सांगितलाय."

 "मुनीमाचं समजलं मले," ते म्हणाले.

"हो."

"पोट्ट्याचं रिव्हॉल्वर अडलं म्हणतात."

"एक बार निघाला. मग चाक फिरलं नाही."

"काहून?"

खरं सांगू नये असं क्षणभर वाटलं. पण या माणसासमोर हत्यारांच्या बाबतीत खोटं टिकलं नसतं, आणि त्यांच्याशी खोटं बोलायची माझी लायकीही नव्हती. मी म्हणालो, "कळक आला होता."

त्यांचे हात थांबले. "कल्हईले कळक कुठून येईन?"

"कल्हईची नव्हती. पितळी होती."

"पितळी? कोणी घेतली पितळी?"

"भाऊसाहेबांनी सांगितली होती. पांढरी नको म्हणाले."

"पण मी सांगतलं होतं ना." ते माझ्या दिशेनं वळले. "तुमी होते तिथं. साऱ्याइच्या समोर सांगतलं, काडतूस चांगलं हाये म्हणून. सांगतलं का नाई?"

"सांगितलं होतं."

"मंग काहून नाई घेतलं?"

 गोदा पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी राहिली होती, ती बाहेर येईना. हवालदारांनी दोराचा पीळ अंगठ्यानं चाचपला, सैल झाला होता तो पुन्हा घट्ट केला.

"डोळे गेले म्हटलं ते तेवढं मानलं त्याईनं," ते म्हणाले. "काडतुसाचं म्हटलं तवा त्याईले वाटलं, आंधळा बोलून राह्यला."

गोदानं गडवा माझ्यापुढे ठेवला. मी पाणी प्यालो. दोर वळला जात होता, त्याचा वसरीवर घासल्याचा आवाज येत होता. त्यांच्या बोलण्यावर आमचं दुकान उभं राहिलं हे सांगायला मी तेवढ्या लांब गेलो होतो. पण त्याच बोलण्यानं ते केशवरावांच्या शेजारून उठले होते. केशवराव गेल्यानंतर ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. पुढेही मी दोनतीनदा किन्हीराज्याला गेलो, पावसापाण्याचं बोलून परत आलो. श्रावणात निरोप आला तेव्हा ते सांगायचं राहिलेलंच होतं.